साडूच्या दुकानाचं सील काढावं म्हणून, ते लावायला लावणाऱ्याचा अर्ज

प्रति,
मा. परवाना अधिकारी साहेब,
दुकाने व परवाना विभाग,
नगरपालिका कार्यालय, पहिला मजला.

विषय: माझ्याच तक्रारीवरून बंद झालेलं माझ्या साडूचं गोधडी शिवण्याचं दुकान गुरुवारी सकाळपर्यंत उघडून मिळणेबाबत.

संदर्भ: १) सदर दुकानाच्या हादऱ्यांबाबत मी केलेला तक्रार अर्ज.
२) त्यावरचा आपल्या निरीक्षकांचा पाहणी अहवाल, ज्यातल्या पेल्याविषयी खाली सविस्तर लिहिलं आहे.

महोदय,

तक्रार ऐकली जात नाही म्हणून रडणारे आपल्याकडे रोज येत असतील. तक्रार ऐकली गेली म्हणून रडत येणारा मी बहुधा पहिलाच. तेव्हा हा अर्ज कृपया चहा घेऊन, सावकाश वाचावा.

१. मी लोकांच्या गोधड्या पुऱ्या करून देतो. लोक घरी तुकडे जोडून वरचा पदर तयार करतात, अस्तर आणतात, मधे घालायचा कापूस आणतात, आणि तिन्ही थर एकत्र शिवणं झेपत नाही म्हणून माझ्याकडे टाकून जातात. माझ्याकडे त्यासाठी लाँगआर्म मशीन आहे. साध्या मशीनवर कापड सरकतं आणि मशीन जागेवर असतं. ह्यात उलटं. गोधडी पलंगाएवढ्या चौकटीवर दोन रुळांमध्ये ताणून बसते आणि मशीन तिच्यावरून फिरतं. दोन्ही मुठी धरून ते मीच फिरवतो. गल्लीत हे काम करणारा मी एकटाच होतो. 'होतो' ह्या शब्दाखाली रेघ ओढली आहे असं समजावं.

२. बरोबर समोर, माझ्या काउंटरवरून दिसेल असं, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या सख्ख्या साडूने, तसलंच दुकान टाकलं. त्याचं मशीन कॉम्प्युटरवर चालतं. पडद्यावर नक्षी निवडायची, बटण दाबायचं, आणि सदर इसम खुर्चीत बसून पाय हलवतो. मशीन आपलं आपण पिसं काढतं, पानं काढतं, वेली काढतं. मी खांदे मोडून घेतो आणि माझ्याकडे नक्षी एकच, लाट. लहान लाट, मोठी लाट, आणि गिऱ्हाईक फारच चोखंदळ असेल तर आडवी लाट.

३. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण तो रोज शटर उघडताना हात वर करून 'साडूभाऊ, चहा?' असं ओरडतो. मी 'झाला' म्हणतो. झालेला नसतो. शाळेच्या मोठ्या बाई, ज्यांच्या घरातल्या प्रत्येक अंथरुणावर माझी लाट आहे, त्या परवा माझ्या दारात उभं राहून, माझ्यादेखत, समोरच्या काचेत लावलेल्या गोधडीकडे बघत म्हणाल्या, "काय हो, मोरच उतरवलाय जणू!" मी म्हटलं, "बाई, मोर अंगावर घेऊन झोप लागते का?" त्या हसल्या आणि समोर गेल्या.

मग माझी बायको दुपारची समोर जाऊ लागली. बहिणीला अस्तरं कापायला मदत म्हणून. मी विचारलं, "रोज एवढी अस्तरं?" ती म्हणाली, "अहो, तिथे पंखा आहे." पंखा आमच्याकडेही आहे साहेब. तो माझ्या बाजूला वळलेला असतो, एवढंच.

मीही गप्प बसलेलो नव्हतो, हे नोंद व्हावं. एके सकाळी साडूच्या काचेवर मी कागद चिकटवला, 'आज चादरी फुकट धुऊन मिळतील'. लोक गठुडी घेऊन लोटले. मी माझ्या दारात खुर्ची टाकून तमाशा बघायला बसलो. साडूने प्रत्येकाला आत घेतलं, पाणी दिलं, झाल्या घोटाळ्याबद्दल माफी मागितली, आणि निम्मे लोक गोधडी शिवायला टाकून बाहेर आले. उरलेल्या निम्म्यांनी चादरी माझ्याकडे आणल्या आणि विचारलं, "मग तुम्ही धुता का?"

४. तेव्हा मी आपल्याकडे तक्रार केली. साडूच्या मशीनच्या हादऱ्यांनी माझ्या दुकानाला धोका आहे, असं लिहिलं. निरीक्षक साहेब पाहणीला आले. मी त्यांना चांगली खुर्ची दिली. भिंतीवरच्या फळीवर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि म्हटलं, "साहेब, मी काही बोलत नाही. हा पेलाच बोलेल." समोर मशीन सुरू झालं की पेला थरथरायचा. तिकडे थांबलं की इकडे पाणी शांत.

ह्यामागचं तांत्रिक कारण असं. फळीचा एक खिळा मी ढिला केला होता. फळीच्या टोकाला गोधडी शिवायचा दोरा बांधला होता. तो दोरा भिंतीवरून काउंटरखाली येत होता आणि त्याचं दुसरं टोक माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला होतं. दोरा भिंतीच्याच रंगाचा निवडला होता. कापडाला दोरा जुळवण्यात माझं आयुष्य गेलंय, तिथे भिंत काय चीज. तेव्हा निरीक्षक साहेबांचा काडीचा दोष नाही. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, फळीला हातही लावला. म्हणाले, "बापरे, हे तर भयंकर आहे." मी म्हटलं, "आम्हाला सवय झाली आता." मधे मला एक शिंक आली. त्यासरशी पेल्याने उडी मारली आणि सगळं पाणी साहेबांच्या बुटात गेलं. अहवालात 'मध्येच एक अतितीव्र हादरा' अशी जी नोंद आहे, ती त्या शिंकेची आहे.

खोटं कशाला सांगू, ते गेल्यावर मी काउंटरवर डोकं ठेवून पोट दुखेपर्यंत हसलो. अंगठा दोन दिवस लाल होता.

५. आपल्या कार्यालयाने तत्परतेने समोर सील लावलं. मी गाणं गुणगुणत मशीनच्या रुळांना तेल घातलं आणि गिऱ्हाइकांची वाट बघू लागलो. पण साहेब, सीलाने भलतंच झालं. साडूचा एकदम संत झाला. तो बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसतो आणि 'असू दे, सरकारी काम आहे, त्यांचंही काही चुकत नसेल' असं म्हणतो. हे ऐकून लोकांचे डोळे भरतात. मोठ्या बाई त्याला घरून डबा आणतात. शिंपी येऊन बसतो, औषधवाला येऊन बसतो. सगळी गल्ली त्याच्या पायरीवर आणि माझ्या पायरीवर मांजर. माझी बायको आधी नुसती दुपारची जायची, आता सकाळपासून तिथेच, कारण बहीण रडते. चालत्या दुकानाचा साडू मला परवडत होता. बंद दुकानाचा अजिबात परवडत नाही.

६. तरी इथवर मी सोसलं असतं. पण सील लावलेल्या दुकानात, साडूच्या चौकटीवर, अर्धी शिवलेली एक गोधडी ताणून बसली आहे. ती माझ्या मुलीची आहे.

मुलीला परगावी नोकरी लागली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने ती जाणार. सोबत न्यायला म्हणून तिने स्वतः गोधडीचा वरचा पदर जोडला होता. तिचे लहानपणीचे फ्रॉक, घरातले जुने पडदे, माझे दोन शर्ट. मला पत्ता नाही. जोडून झाल्यावर तिने तो गुपचूप काकाकडे नेऊन दिला. घरात लाँगआर्म मशीन, बाप त्याच्यावर अर्धं आयुष्य उभा, आणि पोरगी गल्ली ओलांडून गेली.

सील लागल्यावर तिला सांगावंच लागलं. मी विचारलं, "मला का नाही दिलीस?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना लाटच मारता. मला वेल हवी होती."

मग म्हणाली, "आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

मला कुठे वाईट वाटलं? मी दुकानात गेलो आणि मशीनला तेल घातलं. त्याला तेलाची काही गरज नव्हती. गिऱ्हाईक समोर गेलं, मी दातओठ खाल्ले. बायको समोर गेली, ते मी पंख्यावर ढकललं. मुलगी समोर गेली ते कशावर ढकलू, हे आपणच सांगावं.

७. काल साडू माझ्याकडे आला. म्हणाला, "साडूभाऊ, साहेबांना अर्ज करू. तासाभरासाठी सील काढून पोरीची गोधडी तेवढी बाहेर घेऊ. उरलेली तुम्ही तुमच्या मशीनवर पुरी करा. माझं दुकान काय, उघडेल तेव्हा उघडेल." अर्ज मीच लिहावा असं ठरलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि त्या कार्यालयात माझी थोडी ओळख आहे. ओळख कशी झाली, हे त्या भल्या माणसाने विचारलं नाही.

आपण विचार करावा, साहेब. त्याचं दुकान बंदच राहणार, मुलीची गोधडी माझ्या चौकटीवर येणार, आणि हे सगळं तोच हात जोडून मला देतोय. मी मनातल्या मनात नाचलो. मुलीच्या फोनमधला गोधडीचा फोटो समोर ठेवला, चौकटीवर जुनी चादर ताणली आणि वेलीचा सराव सुरू केला. पहिली वेल दोरखंडासारखी आली. दुसरी गांडुळासारखी. तिसरी बरी वाटली म्हणून मी बायकोला हाक मारून दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही लाटच आहे. फक्त हिला पानं फुटलीत."

शिवाय ह्या कामात एक अडचण आहे, जी साडूला माहीत आहे आणि मलाही. अर्धी गोधडी रुळावरून उतरवली की तिचा ताण जातो. दुसऱ्या चौकटीवर ती पुन्हा तशीच बसत नाही. एक शिवण जिथे संपते आणि दुसरी जिथे सुरू होते, तिथे कापड आक्रसतं, चुणी पडते. म्हणजे गोधडीच्या बरोबर मधोमध सांधा येणार. वरच्या अंगाला काकाची वेल, खालच्या अंगाला बापाची गांडुळं. पोरगी परगावी एकटी राहणार, रोज ती अंगावर घेणार, आणि रोज तिचा हात त्या सांध्यावरून फिरणार. एकाच गोधडीत आमची तुलना होणार आणि मी तिथे हजरही नसणार. हे मला बिलकूल मंजूर नाही. त्यापेक्षा सगळीच्या सगळी गोधडी साडूने पुरी केलेली मला चालेल. हे वाक्य मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे, ह्याची नोंद घ्यावी.

८. तरी माझी विनंती अशी की,

अ) पेल्यावर आधारलेला अहवाल रद्द समजावा. दोरा अर्जाला टाचून दिला आहे. निरीक्षक साहेबांना बोलण्याआधी तो एकदा भिंतीवर धरून पाहावा. दिसला तर सांगा.

ब) साडूचं दुकान तासाभरासाठी न उघडता कायमचं उघडावं.

क) तक्रारदार कोण, हे साडूला कार्यालयाने कळवू नये. मी स्वतः सांगणार आहे, शनिवारी, गाडी हलल्यावर. तो चिडला तर बरंच. पण तो 'असू दे, साडूभाऊ' म्हणणार, हे मला माहीत आहे, आणि तीच माझी शिक्षा समजावी. ती कमी वाटल्यास माझ्या दुकानाला खुशाल सील लावावं, पण सोमवारनंतर आणि भर दिवसा. माझ्या पायरीवर कोण कोण येऊन बसतं, ते मलाही एकदा बघायचं आहे.

ड) गुरुवारची मुदत मागण्याचं कारण. साडूच्या मशीनला उरलेली वेल काढायला एक दिवस पुरेल. पण गोधडी चौकटीवरून उतरली म्हणजे पुरी झाली असं नाही. तिच्या चारी कडा उघड्या असतात, त्यांना गोट घालावा लागतो. तो सुई घेऊन, हाताने, चहूबाजूंनी घालायचा असतो. साडूच्या कॉम्प्युटरला तो येत नाही. शुक्रवारचा पूर्ण दिवस मी त्यासाठी राखून ठेवला आहे आणि मुलीला तसं सांगितलंही आहे. ती म्हणाली, "घाला ना बाबा."

साहेब, थंडीत माणूस गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतो तेव्हा मुठीत वेल येत नाही. गोट येतो.

आपल्या शिपायाच्या पावलांकडे कान लावून बसलेला,

(सही)
समोरचा दुकानदार
दिनांक: मंगळवार, शटर अर्धं उघडून