गोलपोस्टच्या मागची माझी जागा

सोमवार, १५ जून

शाळा सुरू. सूनबाईनं फ्रिजवर नवं वेळापत्रक चिकटवलंय. चार रंग. आमचा मिलिंद निळा, अनघा स्वतः लाल, ही केशरी (डबे), मी हिरवा. जिकडेतिकडे हिरवाच. ऋचाचं टेबल टेनिस मलकपेठला, सोम-बुध-शुक्र संध्याकाळी, शनि-रवि सकाळी. निहारचा फुटबॉल विद्यानगरच्या मैदानावर, मंगळ-गुरु-शनि. शिवाय रविवारी दुपारी तबला. सिंचन खात्यात चौतीस वर्षं काढली, इतकी धावपळ कधी नव्हती. ही म्हणते, "रिटायर झाल्यावर खरी नोकरी लागली तुम्हाला."

ऋचा दहावीत गेली. निहार चौथीत. दोघांनाही माझं अक्षर वाचता येत नाही, म्हणून ही वही बिनधास्त टेबलावर पडून असते.

बुधवार, १७ जून

ऋचाला स्कूटरवरून मलकपेठला नेलं. चादरघाटच्या पुलावर पंधरा मिनिटं अडकलो. मागे बसून ती भौतिकशास्त्राची सूत्रं पुटपुटत होती. हॉल पहिल्या मजल्यावर. रहीम सरांनी माझ्यासाठी खुर्ची ठरवूनच टाकलीय, भिंतीला लागून, पंख्याखाली. "आओ साब, आपकी कुर्सी खाली है."

पोरगी सर्व्हिस करताना खालचा ओठ दातांत धरते. मिलिंद अगदी तस्सा धरायचा, गोलात उभा राहिला की.

बसल्या बसल्या तेच दिवस आठवले. बशीरबागेतलं ऑफिस सुटलं की लूनावरून थेट मैदान. मिलिंद गोलकीपर. मी गोलपोस्टच्या मागे, डाव्या हाताला. ती माझी जागा. एकही मॅच चुकवली नाही. साहेबांशी खोटं बोललो, एकदा तर मेहुण्याच्या साखरपुड्यातून उठून आलो. परत येताना तो मागे गप्प बसलेला, गुडघे मातीनं माखलेले, आणि मी नल्लकुंट्याला घरापर्यंत तोंड चालवतोय: तो शॉट असा अडवायचा, इथं पाय टाकायचा. दारात ही बादलीभर गरम पाणी घेऊन उभी.

आयुष्यात त्यांच्याइतके चांगले दिवस दुसरे नसावेत. लिहून ठेवतो.

रविवार, २१ जून

आबिड्सला गेलो, ऋचाला बूट. अनघा बरोबर होती. ऋचानं नऊ जोड घालून पाहिले. प्रत्येक जोड घालून दुकानात बाजूबाजूला उड्या. दुकानदार हसत होता. अनघा मध्येच फोनवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये, रविवारी सुद्धा.

याच रांगेत कुठंतरी मिलिंदचे हातमोजे घेतले होते. तेरा वर्षांचा होता. दुकान आता नाही, मोबाइलची कव्हरं मिळतात तिथं. ते मोजे घालून तो रात्री झोपला होता, आम्ही दोघं दारात उभं राहून बघत होतो.

दोन वर्षांनी त्याची निवड झाली. वरंगलला एकवीस दिवसांचं शिबिर. मी नको म्हटलं. "दहावी आहे. खेळ कुठं पळून जातोय?" तो "बरं" म्हणाला. एवढंच. मोजे माळ्यावर गेले. पुन्हा मैदानावर गेला नाही, मला एका शब्दानं बोलला नाही.

तीस वर्षं झाली. ते "बरं" अजून

असो. बूट घेतले. निळे.

शुक्रवार, २६ जून

प्रॅक्टिस संपल्यावर रहीम सरांनी मला बाजूला घेतलं. हातात फॉर्म दिला. ऋचाची निवड झालीय, बंगळूरला शिबिर, तीन आठवडे, सप्टेंबर. दहा मुली सगळ्या राज्यातून.

मी म्हटलं, "सर, दसवीं है इसकी."

"साब, दसवीं तो सबीच करते. ये हाथ सबको नहीं मिलता." मग म्हणाले, "तेरा तारीख तक देना. बच्ची से पूछो."

फॉर्म शर्टाच्या खिशात. पूर्ण रस्ताभर छातीशी कागद वाजत होता. ऋचाला आधीच माहीत होतं. घरी आल्यावर अनघाच्या हातात दिला.

रविवार, २८ जून

जेवताना विषय निघाला. अनघाचं मत, जाऊ दे, अभ्यास मी भरून काढीन तिचा. तिनं स्वतः रजा मोजून ठेवलीय. मिलिंदनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "नको. सहामाही परीक्षा बुडेल. दहावी आहे. खेळ कुठं पळून जातोय?"

शब्दन् शब्द माझा. माझ्या हातातला घास तसाच.

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

ऋचा म्हणाली, "लाइट घे, बाबा." म्हणजे मनावर घेऊ नको. ताट उचलून आत गेली. निहार विचारतो, "तिचा पापड मी खाऊ?"

मंगळवार, ३० जून

ही सकाळी पोळ्या लाटता लाटता: "दोन दिवस तोंड पाडून बसलाय. बोला की मिलिंदशी."

म्हटलं, काय बोलू? मीच तर शिकवलं त्याला.

"मग तेच बोला."

ती म्हणते तितकं सोपं असतं तर. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाची माफी कशी मागतात ते मला कुणी दाखवलं नाही. आमच्या वडिलांनी कधी मागितली नाही, आम्हीही अपेक्षा केली नाही.

शुक्रवार, ३ जुलै

फार वाईट चूक झाली माझ्या हातून.

उद्या मैदान मिळणार नाही म्हणून निहारचा फुटबॉल आज होता. अनघानं सकाळी दोनदा सांगितलं, वेळापत्रकावर चिठ्ठी लावली. पाचला ऋचाला सोडायचं, सहाला निहारला आणायचं. मी पाचला हॉलमध्ये बसलो तो बसलोच. ऋचा एका मोठ्या मुलीविरुद्ध खेळत होती, दोन गेम मागे पडून बरोबरी केली. मी टाळ्या वाजवतोय. फोन खिशात, आवाज बंद. पावणेसातला बघितला तर अनघाचे अकरा कॉल.

मिलिंद ऑफिसातून धावत पोचला होता. निहार मैदानाच्या फाटकाशी म्हाताऱ्या वॉचमनजवळ बसलेला, त्यानं दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात. घरी आलो तर मला म्हणतो, "आजोबा, मी रडलो नाही. जरासंच रडलो."

अनघानं चहा दिला. नंतर पाहिलं, वेळापत्रकावर निहारच्या सगळ्या ओळी निळ्या झाल्यात.

बरोबरच आहे तिचं.

रविवार, ५ जुलै

सकाळी मिलिंद म्हणाला, "आज स्कूटर नको. मी सोडतो तुम्हा दोघांना." गाडीत तो, मी, मागे ऋचा कानात वायरी घालून. रेसकोर्सच्या भिंतीच्या कडेनं जाताना घोड्यांचा वास आला. ऋचा वर गेली. आम्ही खाली गाडीतच बसून राहिलो.

परवाबद्दल मी आधी बोललो. तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा, मी पण एकदा अनघाला स्टेशनवर विसरलोय." हसला. मग मी बोलून टाकलं. वरंगल, दहावी, मी नको म्हटलेलं, सगळं. माझं चुकलं म्हटलं. तुझा खेळ मी बंद पाडला.

त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले. मग म्हणाला, "बाबा, मी त्या दिवशी सुटलो."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"सातवीत असताना एक बॉल तोंडावर बसला होता, आठवतो? दात हलला होता. त्यानंतर मला बॉलची भीती बसली. प्रत्येक मॅचच्या आधी शेडच्या मागे जाऊन ओकायचो. तीन वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? तुम्ही मागेच उभे असायचा."

नंतर तो म्हणाला, "तुम्ही इतके खुश असायचा. ऑफिसातून धावत यायचा. मी वळून बघायचो तर तुमचा चेहरा. मग वाटायचं, आजचा दिवस काढू. तुम्ही दहावी म्हटलात तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसलो होतो."

मी खिडकीची काच खाली केली.

थोड्या वेळानं विचारलं, मग ऋचाला का नको म्हणतोस? तो म्हणाला, "तिलाही तसंच होत असेल तर? ती सांगणार नाही. ओठ चावते बघा. मी दार उघडून ठेवतोय तिच्यासाठी. वाईटपणा मी घेतो."

वर खेळ चालू होता. आम्ही दोघं समोरच्या काचेतून रस्ता बघत बसलो.

सोमवार, ६ जुलै

झोप लागली नाही नीट. हिला सांगितलं. ती खाली मान घालून भाजी निवडत राहिली. "मला वाटायचंच," म्हणाली. "मॅचच्या दिवशी डबा तसाच परत यायचा." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? "तुमचा चेहरा," एवढंच.

म्हणजे सगळ्या घरानं माझा चेहरा सांभाळला.

तीस वर्षं एका चुकीचं ओझं वाहिलं. ते उतरलं, हलकं वाटायला हवं. नाही वाटत. ती चूक गेली ती माझ्या त्या सगळ्या संध्याकाळी बरोबर घेऊन गेली. लूना, मातीचे गुडघे, त्याचं गप्प बसणं. मला वाटायचं दमलाय. मी ज्या दिवसांना सगळ्यात चांगले म्हणतो, ते त्याचे

दुपारी मिलिंदचा ऑफिसातून फोन. एरवी करत नाही. "बाबा, एक सांगायचं राहिलं. परत येताना लूनावर बरं वाटायचं. मॅच संपलेली असायची. तुम्ही बोलत असायचा."

तेवढं ठेवून घेतो.

बुधवार, ८ जुलै

ऋचाला विचारलं. सिग्नलला थांबलो होतो, तिचं तोंड दिसत नव्हतं, ते बरं पडलं. "तुला भीती वाटते का गं खेळताना?"

"बाबांनी पण काल हेच विचारलं. मम्मानं पण. आता सगळे मलाच का विचारतायत?"

"आधी कुणी विचारलं नाही म्हणून."

पुलावर आलो. मग मागून कानाशी: "खेळताना नाही वाटत. हरल्यावर वाटते. तुम्ही लोक काही बोलत नाही ना घरी येईपर्यंत, तेव्हा."

"मग बोलू का?"

"नक्को! मग तर अजून."

हसली. मीही. मग म्हणाली, "मला टीटी आवडतं आजोबा. पण तिकडं जायचंय का, ते खरंच मालूम नाही. तिथं सगळ्या माझ्यासारख्याच असतील. इथं मी एकटी आहे माझ्यासारखी."

एवढं शहाणं बोलणं या पोरीला कुठून आलं. मी तिच्या वयाचा असताना वडिलांसमोर पाण्याचा ग्लास मागायला घाबरायचो.

शनिवार, ११ जुलै

निहारनं आज गोल केला. स्वतःच्याच संघावर. तरी हात पसरून मैदानभर धावला. मिलिंद मला घेऊन गेला होता. मी बाजूच्या कट्ट्यावर बसलो, जाळीपासून लांब. मिलिंद म्हणाला, "पुढे या की, दिसतंय का?" म्हटलं, इथून बरं दिसतं. त्याच्या लक्षात आलं असावं. माझ्या शेजारी येऊन बसला.

माझ्या ओळींपैकी मंगळवारची एक परत हिरवी झालीय. अनघानं केली. "बाबा, फोनचा आवाज मात्र चालू ठेवा." हौ म्हटलं.

रविवार, १२ जुलै

काल रात्रीच्या जेवणानंतर मिलिंदनं फॉर्मवर पालकांच्या जागी सही केली. ऋचाला म्हणाला, "माझी हरकत नाही. तुझी सही तू कर, नाहीतर नको करू. दोन्ही चालेल. चालेल म्हणजे खरंच चालेल." अनघानं मान हलवली. कागद टेबलावर राहिला. खेळाडूची सही: रिकामी.

आज दिवसभर तिथंच होता. मी तीनदा जवळून गेलो. हिनं एकदा त्यावरून फडकं फिरवलं, उचलून, पुसून, परत तसाच. ऋचा त्याच टेबलावर बीजगणित सोडवत होती, कोपर कागदावर.

निहार म्हणतो, "मीच करू का सही तिची? मला येते."

सोमवार, १३ जुलै

आज शेवटची तारीख. ऋचा शाळेतून आल्यावर पाहिलं तर टेबलावर फॉर्म नाही. तिच्या पिशवीची चेन बंद. विचारलं नाही.

मलकपेठला पोचलो. हेल्मेट काढून मी जिन्याकडे वळलो, तर ती पहिल्या पायरीवर थांबली.

"आजोबा, आज खाली थांबाल? रागवू नका."

"नाही रागावत."

"मी एकटी सरांशी बोलते. मग सांगते." आणि दोन दोन पायऱ्या चढत गेली. निळे बूट वळणावर दिसेनासे झाले.

स्कूटरला टेकून उभा राहिलो. बाजूच्या दुकानदारानं स्टूल दिलं, बैठो साब म्हणाला. बसलो. वर चेंडूंचा आवाज चालू होता. मध्येच एका टेबलाचा थांबला. रहीम सरांचा आवाज, मग तिचा. शब्द कळत नव्हते. बराच वेळ चाललं बोलणं. एकदा सर हसले असं वाटलं.

पाय आपोआप जिन्याकडे गेले होते. परत येऊन स्टुलावर बसलो.