एकादशीचा थेंब

उज्जैन, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८७४

तीर्थरूप आईस गुरुदत्ताचा साष्टांग नमस्कार.

माझं बरं चाललं आहे. इथली केळी आपल्या निर्मळच्या केळ्यांपुढे लाकूड, तरी खातो.

सावित्रीवहिनींनी कळवलं, की काचबिंदूचं औषध डोळ्यात घातलं की घशाला कडू लागतं, म्हणून एकादशीला तू थेंब घालू देत नाहीस. घशात उतरलं की उपास मोडला, हा तुझा निर्णय. काशीचे पंडितही इतके कडक नाहीत. अगं, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी शास्त्रानेच सांगितल्या आहेत, त्यांत औषध आहे.

डोळा दुखत नाही म्हणतेस. त्यातला दाब न दुखताच वाढतो. हा थेंब गेलेली दृष्टी परत देत नाही, उरलेली तेवढी राखतो.

हे मात्र शास्त्रातलं नव्हे. माझ्या डाव्या डोळ्याला आता दिव्याची ज्योतही कळत नाही. तोच आजार, आणि मीही दुखण्याची वाट पाहत थांबलो. उजव्यात तुझाच थेंब घालतो, एकादशीलाही.

वहिनी, आईला वाचून दाखवताना एवढं गाळू नका.

आई, येत्या एकादशीला थेंब घाल. पाप लागलंच तर माझ्या नावावर.

तुझा
गुरुदत्त