वखारीवर कललेली चिंच

मुरुम, बुधवार, २ मे १९४५

घरात आलं : ज्वारी दोन पायल्या, नऊ आणे. रॉकेल अर्धी बाटली, दोन आणे. दोरखंड, निजामाच्या हाली नाण्यात सव्वा रुपया!

दोरखंडाचा खर्च टळला असता. पण परसातली चिंच शेजारच्या वखारीवर फारच कलली आहे. वखारवाले कल्याणप्पा वर्षभर कुंपणावरून ओरडतात — "झाड तुमचं, पत्रे माझे! फुटले तर भरपाई तुमच्याकडून घेईन, कोर्टात जाईन!" हे तिकडं गुलबर्ग्याला, दुकानाच्या नोकरीत. यांना पुन्हा लिहिलं — तोडून टाकू का?

शनिवार, ५ मे

झाड बांधायला धुळाप्पा लाकूडतोड्या आला, तर कल्याणप्पांनीच अडवलं! "कशाला खर्च, वैनी? पडलं तर पडू द्या. सोलापूरच्या कंपनीत विमा उतरवलाय, वादळासकट. तुमच्याकडं एक पै मागणार न्हाय."

इतकं गोड बोलणं! दोरखंड दुकानात परत घेतात का बघावं.

सोमवार, ७ मे

पूजेचा बेल तोडायला गेले, तर वखारीतली भुईमुगाच्या शेंगांची पोती गाड्यांत चढत होती. दुपारी वखार रिकामी. संध्याकाळी तिथं सिताबाई राहायला आली. कल्याणप्पांकडंच शेंगा फोडते, कडेला तान्ही.

"भाडं बी घेत न्हाईत, आक्का. लई देवमाणूस! रिकाम्या वखारीचे पैसे कंपनी देत न्हाय म्हनं, माणूस राहतंय असं दिसाया पायजे."

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

गुरुवार, १० मे

धुण्याचं पाणी चिंचेला घालताना पाय खचला. माती भुसभुशीत. हातानं उकरलं — आपल्या बाजूची मुळं तोडलेली! घाव ताजे, वर माती लोटलेली. त्या मुळांवरच तर झाड उभं होतं.

धुळाप्पा म्हणाला, "तुमच्या मालकाचं पत्र दावा, आक्का, आत्ता पाडतो. बाईमाणसाच्या शब्दावर कुऱ्हाड घातली तर मलाच बडवतील."

सिताबाईला म्हटलं, आमच्याकडं ये. "वखार सोडली तर मालक कामावरनं काढतील. खाऊ काय?"

यांना सगळं लिहिलं — मुळं, सिताबाई, तान्ही.

सोमवार, १४ मे

वळवाचं भरून येतंय. झाड करकरतं. ॐ नमः शिवाय.

मंगळवार, १५ मे

यांचं पत्र आलं. "झाडास हात लावू नये. कल्याणप्पांशी माझं ठरलं आहे, विम्यात तिसरा हिस्सा आपला. मुळांचं मला ठाऊक आहे. सिताबाईचं ते बघतील."

खाली नेहमीसारखं — प्रकृतीस जपावे.

बुधवार, १६ मे

सिताबाई अन् तान्ही आपल्या माजघरात. तिला कुणी कामावरून काढायचं नाही — वखारीत राहतं माणूस हवं ना, ते आहे. माझं अंथरूण तिथं नेलंय. इष्टलिंगाची पूजाही तिथंच केली.

यांना कार्ड टाकलं : "आजपासून मी चिंचेखालच्या वखारीत निजते. झाड तोडायचं की नाही, उलट टपाली कळवावे."