फोल्डर माझ्या नावावर आहे

५ मे, सोमवार
डायरी खताच्या एजंटाने दिलेली, मागच्या सालची. वार चुकलेत, ते हाताने दुरुस्त करणार. महिनाअखेरीला रिटायर होणाऱ्या माणसाने डायरी सुरू करायला हिंमत लागते. ती माझ्यात आहे.

आज ऑफिसात नेटवर्क झालं. आमच्या संस्थेची हायस्कुलं चार, ऑफिस मात्र टिळकवाडीत एकच, आणि त्यात पाच कॉम्प्युटर वाटण्या झालेल्या भावांसारखे बसलेले. समर्थ नावाच्या दुकानवाल्या पोराने वायरी ओढून पाचही जोडले. आता दाखले, निकाल, सर्क्युलरं सगळं एका कॉमन फोल्डरात. फोल्डर एका मशीनवर राहणार, बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून उघडायचा. कुणाच्या मशीनवर ठेवू म्हणून समर्थने विचारलं, तर सगळे रचनाकडे बघाय लागले. रचना आमची ज्युनियर क्लार्क. बीसीए झालीय, तेवढंच. मी खाकरलो. पोरगं हुशार, त्याने फोल्डर माझ्या मशीनवर ठेवला. आता सगळ्यांच्या स्क्रीनवर ‘भरमू-पीसी’ असं नाव येतं. शेताच्या उताऱ्यावर थोरल्या भावाचं नाव लागलं, माझं इथं लागलं.

समर्थ आणखी म्हणाला की लाईट जाऊन परत आली की मशीन आपोआप चालू होईल असं करून ठेवलंय. मी मान हलवली. सीनियर माणसाने मान हलवायची असते.

निघताना टेबलाजवळच्या बोर्डाचं बटन बंद केलं. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. चहाला उठलो तरी बंद करतो. आमचे आबा म्हणायचे, माणूस न्हाय तिथं दिवा कशाला जाळतोस. अख्ख्या ऑफिसात ही शिस्त माझ्याशिवाय कुणाला नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून यूट्यूबवर नेटवर्किंग शिकणे.

६ मे, मंगळवार
साडेसातला उठलो. पाचला उठलो असतो, पण पहाटे वारं छान होतं.

कडोलीची बस चुकली, ऑफिसात अकरा वाजले. आत गेलो तर बोंबाबोंब. सकाळपासून कुणाचाच फोल्डर उघडेना. रचना घामाघूम. मी पिशवी ठेवली, गणपतीच्या फोटोला हात जोडले, बोर्डाचं बटन लावलं, बसलो. पाणी प्यायलो. तेवढ्यात रचना म्हणाली, अण्णा, उघडला की. मी काहीही केलं नव्हतं. नुसता आलतो.

८ मे, गुरुवार
पुन्हा तेच. चहाला गेलो, मागे फोल्डर बंद. आलो, बसलो, उघडला. दुपारी जेवायला गेलो, बंद. आलो, उघडला. झाडलोट आणि चहा बघणारी यल्लव्वा दारात उभी होती. ती म्हणाली, अण्णांचा हातगुण हाय बघा.

अडाणी बाई, पण शिकलेल्यांना जे सुचलं नाही ते बोलून गेली. आमच्या आजोबांचा हातगुण अख्ख्या कडोलीला माहीत होता. रताळ्याचा पहिला वेल लोक त्यांच्या हातून लावून घ्यायचे. भावाला जमीन गेली, हात माझ्याकडे आला. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

१० मे, शनिवार
रचना नाही नाही ते विचारते. आज म्हणाली, अण्णा, तुम्ही नसताना तुमचा कॉम्प्युटर चालू असतो का. मी म्हटलं, मीच नाही तर तो कशाला चालू असंल? ती म्हणाली, मग... तेवढ्यात चेअरमन महादेवआप्पांची हाक आली आणि मी उठलो. उठताना बटन बंद केलं. तिच्या समोर केलं, जरा तरी वळण लागावं म्हणून. मागे लगेच फोल्डर बंद पडला. तिचं तोंड उघडंच राहिलं. हातगुणाचा इतका रोकडा पुरावा पोरीने पहिल्यांदाच पाहिला असावा.

समर्थला फोन केला. तो फायरवॉल म्हणाला, परमिशन म्हणाला, पासवर्ड म्हणाला. एकदा मशीन बघायला येतो म्हणाला. मी म्हटलं, नको, आम्ही बघून घेतो. जिथून वायरी फुटतात त्या डबीला लिंबू-मिरची बांधली. रचना हसली. पण मी खुर्चीत असताना दिवसभर फोल्डर एकदाही अडला नाही, आता बोला.

संकल्प: सोमवारपासून पहाटे साडेपाच.

१२ मे, सोमवार
सोमवारी उठू नये, आठवडाभर पाळावं लागतं.

१५ मे, गुरुवार
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. दहावीचा निकाल लागल्यापासून दाखल्यांना झुंबड आहे. मी दाढ दाखवायला गेलतो. आलो तर व्हरांड्यात पालक उभे, स्वतः महादेवआप्पा रचनाच्या मागे उभे, आणि फोल्डर बंद. मी घाई केली नाही. गणपती, बटन, पाणी. फोल्डर उघडला. प्रिंटर खडखडायला लागला. आप्पा सगळ्यांच्या देखत म्हणाले, भरमू, तुझ्याबिगर हे ऑफिस चालत न्हाय बघ.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. इतकी वर्षं इथे काढली, असं कुणी म्हटलं नव्हतं.

खरं लिहायचं तर मला रिटायर व्हायचं नाही. ऑफिसात निदान कागदावर सही तरी विचारतात. घरात मला विचारतो कोण? संध्याकाळीच अर्ज लिहिला: माझ्या उपस्थितीशिवाय कॉमन फोल्डर उघडत नसल्याने एक वर्षाची मुदतवाढ मिळावी. चोवीसला कमिटीची मीटिंग आहे.

१८ मे, रविवार
आमच्या हिने, मंगलने, दूधवाल्याला एक तारखेपासून येऊ नको म्हणून सांगून टाकलंय. म्हणे, आता हेच जातील की किटली घेऊन, रिकामेच असणार. मी मुदतवाढीचं सांगितलं. हातगुणाचंही सांगितलं. ती म्हणाली, मग त्या हाताने माळ्यावरचं सूप काढून द्या.

सूप काढताना स्टूल हललं. माझा दोष नाही.

१९ मे, सोमवार
अर्जाने काम होत नसतं, अनुभव द्यावा लागतो. विचार करून दोन दिवसांची रजा टाकली. ऑफिस ठप्प झाल्याशिवाय माणसाची किंमत कळत नाही. रचना म्हणाली, अण्णा, दाखल्यांच्या गर्दीत कशाला रजा, आणि जाताना कॉम्प्युटर... पुढचं मी ऐकलं नाही. पोरीचा आवाज फार बारीक आहे.

जाताना बटन बंद केलं. दोन दिवसांचा प्रश्न, म्हणून मशीनवर मंगलच्या जुन्या साडीचं कव्हरही घातलं. कुणी हात लावू नये असं सांगून ठेवलं. घरी आल्यावर फोन फुल्ल चार्ज केला.

२० मे, मंगळवार
सकाळपासून फोन. पहिले तीन उचलले नाहीत, आंबा खात होतो. मग उचलला. रचना म्हणाली, फोल्डर बंद हाय, तुमचं मशीन आम्ही लावू का. मी म्हटलं, अजिबात नाही, नवख्या हाताने बिघडेल. माझी आठवण काढून माऊसवर हात ठेव. तिने फोन ठेवला.

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

दुपारी पुन्हा फोन. काकतीचा एक बाप सकाळपासून येऊन बसलाय. प्रशिक नावाचा त्याचा पोरगा, कॉलेजात नंबर लागलाय, मूळ दाखला आज पाचपर्यंत दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. दाखला तयार आहे, फोल्डरात आहे. अण्णा, येता का, असं विचारताना रचनाचा आवाज कधी नव्हे तो जरा कातर वाटला.

स्कूटर काढली असती तर तासाच्या आत पोचलो असतो. चप्पल घातलीसुद्धा. मग वाटलं, आज गेलो तर चोवीसला कमिटीपुढे सांगायचं काय? एक पोरगं की सगळी संस्था? संस्थेचा विचार करायलाच हवा. ताप आहे म्हणून सांगितलं.

मंगल ऐकत होती. तिने दुपारचा चहा दिला नाही.

चारनंतर फोन थांबले. हे काही बरोबर वाटलं नाही. मीच लावला तर एंगेज.

२१ मे, बुधवार
रजा होती तरी गेलो. म्हटलं, बघू तरी.

ऑफिसात पेढ्यांसारखा कुंदा वाटत होते. काकतीच्या त्या बापाने आणला होता. पोराला दाखला मिळाला, जागा राहिली. कसा मिळाला ते यल्लव्वाने तिखटमीठ लावून सांगितलं. रचनाने म्हणे माझं न ऐकता साडीखाली हात घालून मशीनचं बटन दाबून बघितलं, ते काही चालू झालं नाही. काल चार वाजता तिच्या मोबाईलची बॅटरी संपली. माझ्या टेबलाजवळच्या बोर्डात एक जागा रिकामी दिसली, तिने चार्जर खोचला आणि बटन दाबलं. साडीखाली काहीतरी घुर्र झालं, ती घाबरून मागे सरली, आणि तिकडे रचनाच्या स्क्रीनवर फोल्डर उघडला.

आता सगळे यल्लव्वाच्या हातगुणाचं बोलतात. कालपर्यंत तीच माझ्या हातगुणाची साक्षीदार होती. जगात निष्ठा उरली नाही. कुंदा दोनदा घेतला, ताप उतरल्यावर गोड चालतं.

रचना माझ्या बोर्डाकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा बोर्डाकडे. मग कपाळावर हात मारून घेतला. बहुतेक उकडत असावं.

२२ मे, गुरुवार
आज चहाला उठलो. सवयीने बोर्डाकडे हात गेला तर रचना धावत आली आणि म्हणाली, अण्णा, राहू दे. मी म्हटलं, करंट जळतोय. ती म्हणाली, जळू दे, मी बिल भरते.

चहा पिऊन आलो. फोल्डर चालूच होता. मी नसतानाही चालू होता. चहाला काही चव नव्हती.

हा अपवाद समजतो.

२४ मे, शनिवार
कमिटी झाली. महादेवआप्पांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी ओळखलं. आप्पा म्हणाले, रचनाने सगळं समजावून सांगितलं. फोल्डर तुझ्या मशीनवर हाय, ते चालू असलं की उघडतो, तू बटन बंद केलंस की बंद पडतो. तवा कमिटीने असं ठरवलंय, की मशीन ऱ्हाऊ दे, तू आता इस्रांती घे.

म्हणजे मुदतवाढ झाली. मशीनला झाली.

मी म्हटलं, ठीक आहे. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, त्या पोराचा फोन आलता तवा तुला खरंच ताप होता का रं. मी व्हय म्हटलं. त्यांनी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर आलो तर माझ्या बटनावर कागद चिकटवलेला. मराठीत आणि खाली कन्नडमध्ये: हे बटन कुणीही बंद करू नये. त्याखाली पेनाने छोटं लिहिलं होतं: अण्णा, प्लीज. बाकी कुणाचं नाव नव्हतं. वेगळा उल्लेख माझाच.

३१ मे, शनिवार
निरोप समारंभ. शाल, नारळ, फेटा. फेटा डोळ्यांवर येत होता. भाषणात आप्पा म्हणाले, भरमूने संस्थेची लाईट जिवापाड वाचवली. लोक का हसले ते कळलं नाही. समर्थसुद्धा आलता. मशीनचं नाव बदलायचं का म्हणून कुणीतरी विचारलं. समर्थ म्हणाला, नको, बदललं तर सगळ्यांचं पुन्हा जोडावं लागेल, भरमू-पीसीच राहू दे. एवढं ऐकून बरं वाटलं. रचना पाया पडली. मी तिला म्हटलं, हुशार आहेस, आवाज तेवढा मोठा कर. ती म्हणाली, व्हय अण्णा.

सगळे गेले. मी मुद्दाम शेवटी थांबलो. खुर्चीत बसलो, पिशवी भरली, गणपतीला हात जोडले आणि दार ओढून निघालो.

२ जून, सोमवार
पहाटे किटली घेऊन दूध आणलं. रांगेत सगळे रिटायर. नेटवर्किंगवर चर्चा काढली, कुणाला रस नव्हता.

साडेदहाला फोन वाजला. रचना. अण्णा, फोल्डर उघडत न्हाय.

मी फक्त येतो म्हटलं. मंगलला इस्त्रीचा शर्ट मागितला. म्हटलं, बघ, एक दिवस निघाला नाही त्यांचा माझ्यावाचून. तिने शर्ट दिला. बटनं लावतो तोच पुन्हा फोन. रचना म्हणाली, उघडला अण्णा, येऊ नका. शनिवारी जाताना कुणीतरी बटन बंद केलतं. कागद तसाच हाय, त्याच्यावरूनच दाबलंय. यल्लव्वाने आता लावलं.

मी विचारलं, कोण शेवटी गेलं होतं? ती म्हणाली, तब्येतीला जपा अण्णा.

शर्ट काढून खुंटीला लावला. खुर्चीतून उठलेलोच होतो, तर पंख्याचं बटन बंद केलं आणि आत निघालो. मागून मंगल म्हणाली, अवो, मी बसलीया की अजून हितं.

परत फिरलो. बटन लावलं.