लिडियाच्या कंपनीचा भाव

खांडबारा,
१० मार्च

प्रिय लिडियाताई,

सलाम. तुझ्या कंपनीचा शेअर आज दोन रुपयांनी वर बंद झाला. भीकमचंद शेठच्या दुकानात त्यांच्या नातवानं, मयंकनं, मोबाईलवर दाखवलं, म्हणजे बातमी पक्की. बाबा घरी पोचेपर्यंत तिघांना सांगून आले. काल पाच रुपयांनी पडला होता, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

मयंक म्हणतो, आयटीचे शेअर जरा सावरतात आणि पुन्हा तिथंच अडकतात. महिनाभर हेच चाललंय.

आई बरी आहे. अंगणात मिरच्या वाळत घातल्यात.

बाबांना दुकानातून घरी येताना आता दोनदा बसावं लागतं. सुरतच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला २६ तारीख दिलीय. पैसे वीस तारखेपर्यंत भरायचेत. बाबांची अर्धी शिल्लक तुझ्या कंपनीच्या शेअरमध्ये आहे, असं तुला वाटतं. अर्धी नाही, सगळी आहे. दिवाळीनंतर भाव पडला तेव्हा मयंक म्हणाला, "काका, करेक्शन चालू आहे." बाबांनी आश्रमशाळेत पस्तीस वर्षं लाल पेनानं करेक्शनच केलं. म्हणाले, "चूक दुरुस्त झाली, मग भीती कसली?" आणि उरलेली ग्रॅच्युइटीही घातली.

आत्ता विकले तर नुकसान सोसूनही ऑपरेशन होईल. अजून पडला तर होणार नाही.

शेठ आज म्हणाले, "मास्तर, विकून टाका. शेअर काही पोरगी नाही, माया लावायला."

बाबा हसले. "पोरगी तिथंच बसते ना, शेठ. बापानंच हात काढून घेतला तर तिचे साहेब काय म्हणतील?"

"साहेबाला तुमचं नाव तरी माहीत आहे का?"

बाबा उठून निघून आले.

फोनवर हे बोलता येत नाही, ते स्पीकर लावतात. म्हणून लिहिते. ताई, नाताळात तू लॅपटॉप आणला नाहीस. दरवर्षी तू तो चर्चलासुद्धा घेऊन जायचीस. "सुट्टी आहे," म्हणालीस, आणि सुट्टी संपल्यावरही आठ दिवस राहिलीस. नोकरी गेली, हे मला तेव्हाच कळलं. मी विचारलं नाही. माझ्या नर्सिंगची फी दर महिन्याला येत होती, विचारलं असतं तर कदाचित थांबली असती. तू ती कुठून पाठवतेस, हेही मी विचारलं नाही.

रविवारी उपासनेत बाबा पुन्हा उभे राहून तुझ्या कंपनीसाठी प्रार्थना मागणार आहेत. त्याआधी फोन कर आणि तूच सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना खरं वाटणार नाही. स्पीकर मी बंद करीन.

सोमवारी सव्वानऊला बाजार उघडतो. विक्रीचा ओटीपी बाबांच्याच मोबाईलवर येतो, तो त्यांनीच द्यायला हवा. देतील की नाही, सांगता येत नाही. पण मला कधीपासून माहीत होतं, हे ते नक्की विचारतील. मी खरं सांगणार आहे.

तुझ्या पैशांवर शिकलेली आणि गप्प राहिलेली,
प्रिस्किला