मुलाखत क्र. ७ हिला द्यायचे घर

मी, अग्लाया त्सुर्कान, वय अडुसष्ट, राहणार किशिनाउ, आंतरराष्ट्रीय सुरक्षा व परराष्ट्र धोरण या विषयाची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या विभागाचे मत वेगळे आहे. ते ग्राह्य धरू नये.

कलम १. पुस्तके विद्यापीठाला. नीस्त्रु नदीचा पलीकडचा काठ आमच्या देशातून फुटून निघाला; त्या गोठलेल्या संघर्षावर मी एकतीस परिषदांना गेले. संघर्ष जागच्या जागी आहे. माझे कोट मात्र मला होईनासे झाले. अकरा भाकिते केली, एकही खरे ठरले नाही. दूरचित्रवाणीवाले तरीही दरवर्षी बोलवत राहिले.

कलम २. वाटाघाटींचा मोठा नकाशा प्रा. आर्कादी बोद्रुग यांना. वीस वर्षे ते तो माझ्याकडून मागून नेऊन स्वतःचा म्हणून दाखवत आले. आता निदान कायदेशीर होईल. माझ्या दफनाच्या वेळी त्यांना बोलू देऊ नये. ते 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणतात आणि मग अर्धा तास जातो.

कलम ३. दोन खोल्यांचे हे घर माझी धाकटी बहीण झिनोव्हिया हिला. कारण लिहिणे भाग आहे. झिना नदीपलीकडे आमच्या गावात इतिहास शिकवायची. एकदा प्लाचिंताची भरली पोळी लाटता लाटता तिने मला सांगितले, की तिकडच्या सत्तेने काढून टाकलेला धडा ती वर्गाचे दार लावून मुलांना शिकवते. मी ते लेखात घातले. नाव अर्थातच गुप्त ठेवले. आम्ही शास्त्रशुद्ध माणसे. 'मुलाखत क्र. ७, इतिहासाची शिक्षिका, वय एक्केचाळीस.' गावात इतिहास शिकवणारी बाई एकच होती.

लेखामुळे मला प्राध्यापकपद मिळाले आणि झिनाची नोकरी दोन महिन्यांत गेली. तिचा फोन आला.

"ताई, नाव तेवढं लपवलंस गं. बाकी सगळं छापलंस."

"संशोधनाची पद्धतच तशी असते, झिना."

"मग आता त्या पद्धतीलाच बहीण म्हण."

त्याला सतरा वर्षे झाली. शत्रूंनी एकमेकांशी बोलणे कसे सुरू करावे, यावर या काळात माझी तीन पुस्तके निघाली. घर दिल्याने भरपाई होत नाही, हे मला कळते. माझ्याकडे दुसरे काही नाही.

कलम ४. तळघरातली वाईन शेजारी ग्रिगोरे लोझान यांना. निम्मी त्यांनी आधीच संपवली आहे.

पुरवणी, त्याच दिवशी. नोटरी दोम्निका रुसू यांनी झिनाला कळवले होते. ती सकाळच्या बसने आली. अंगातला कोट न काढता तिने उभ्याउभ्या सगळे वाचले.

"माफी मागायला एवढी पानं लागतात होय?"

"सवय आहे," मी म्हटले.

"साक्षीदार कोण?"

"एक लोझान. दुसरा अजून यायचाय."

"मी करते सही."

नोटरीबाई गडबडल्या. "अहो, ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही. तुम्ही सही केलीत, की घर गेलं हातचं!"

"घरासाठी कोण आलंय इथं? पेन द्या."

सबब कलम ३ रद्द समजावे, आणि लोझानही साक्षीदार असल्याने त्याच नियमाने कलम ४ सुद्धा. घराचे काय करायचे, ते आम्ही दोघी जेवताना ठरवू.

लिहून देणार: अग्लाया त्सुर्कान (सही)
साक्षीदार: १. ग्रिगोरे लोझान (सही)
२. झिनोव्हिया त्सुर्कान (सही)
समक्ष: दोम्निका रुसू, नोटरी
किशिनाउ, २२ ऑक्टोबर २०२४