साडेतीनची परवानगी

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. पत्राला उशीर झाला म्हणून रुसला असशील तर रुसून घे, पण आधी वाच. इकडे यांची कंबर जैसे थे. उठता-बसता भिंत धरावी लागते, आणि भिंत धरल्या धरल्या मला सूचना देणं चालू असतं. पोरगी कॉलेजात जाते, येते, आरशासमोर उभी राहते. घर चालतंय ते माझ्या पगारावर, हे तुला नव्याने सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. आमच्या विमा कंपनीच्या ऑफिसात युनियन झाली! साहेबांच्या खोलीबाहेर खोकायलाही घाबरणारी माणसं ही, पण सगळ्यांनी सह्या केल्या. पुढाकार आमच्या टायपिस्ट पोरीचा. काडीसारखी आहे, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात, पण बोलायला लागली की घार. तिच्या जोडीला आमचे रोखपाल काका. बोलतात कमी, पण त्यांच्या शब्दाला वजन आहे.

कंपनी म्हणते, बोलणी करू, पण आधी कामगार कोण आणि अधिकारी कोण ते ठरू दे. अधिकाऱ्याला युनियनमध्ये जागा नाही. आणि इथेच माझी मान अडकली आहे. गेल्या वर्षी मला दावे विभागाची विभागप्रमुख केलं ना? पगार तोच, काम तेच, फक्त खुर्चीला हात आले. आता कंपनी म्हणते, विभागप्रमुख म्हणजे अधिकारी. दुसऱ्या शाखेत काय झालं ते आम्हाला ठाऊक आहे. तिथल्या विभागप्रमुखांना महिन्याचा पगार हातावर ठेवून घरी पाठवलं. कारकुनांना हात लावता आला नाही, कारण त्यांच्यामागे युनियनचा करार होता. म्हणजे मी आत राहिले तर नोकरी आहे, बाहेर पडले तर वाऱ्यावर.

त्यात आणखी एक गुंता. चिमणीची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सांभाळणारी बाई चार वाजता निघून जाते. म्हणून चिमणी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मशीन सुरू करते, जेवणाच्या सुट्टीतही टाइप करत बसते आणि साडेतीनला निघते. मी जाऊ देते. मस्टरवर तिच्या नावापुढे बरोबरची खूण करते. साहेबांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, मग विचारायचं कशाला? आता कंपनीने त्यावरूनच तिला मेमो दिलाय, की रोज विनापरवानगी लवकर जाते. युनियन काढली नसती तर हा मेमो जन्मात निघाला नसता.

बारा तारखेला सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर माझी साक्ष आहे. तू तुमच्या कारखान्याच्या कमिटीवर आहेस, चार सुनावण्या पाहिल्यास. काय बोलू, काय नको, ते लगेच लिही. लोभ आहेच, त्यात जरा अक्कलही घालून पाठव.

तुझी,
ताई

*

ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. अक्कल मागितलीस म्हणून ते जपून ठेवणार आहे. लहानपणी तू मला अकलेचा कांदा म्हणायचीस.

आता चेष्टा पुरे. सुनावणीत खुर्ची, हुद्दा, दारावरची पाटी यांना कुणी विचारत नाही. एकच प्रश्न असतो : या माणसाला स्वतःच्या मर्जीने काही ठरवता येतं का? रजा देता येते का, कुणाला कामावरून काढता येतं का? येत असेल तर अधिकारी. नसेल तर कामगार. आमच्याकडे फोरमनचं असंच झालं होतं. बिचारा फुशारकीत सांगून बसला की माझ्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. झालं, गेला बाहेर.

तेव्हा तू कुठलाच अधिकार कबूल करायचा नाही. सगळं साहेबांना विचारून होतं, मी नुसती निरोप पोचवणारी, एवढं एकच पाठ कर. मस्टरवरच्या खुणेबद्दल विचारलं तर सांग की ती फक्त पाहिल्याची खूण आहे. पोरीच्या मेमोचं युनियन बघेल. तू तुझ्या घराचं बघ. भाऊजींचं औषध आणि भाचीची फी यातलं काही ती चिमणी भरणार नाही.

तू भिडेला बळी पडतेस, हे मला माहीत आहे. त्या दिवशी भीड घरी ठेवून जा. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. माझा हट्टी स्वभाव तुझ्याकडूनच आलाय, तेव्हा माझं ऐकणं तुला भाग आहे.

तुझा,
धाकटा

*

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. काल साक्ष झाली. हे वाचण्याआधी खाली बस.

खोली अगदी साधी. लांब टेबल, पलीकडे कामगार अधिकारी, एका बाजूला कंपनीचा वकील आणि आमचे साहेब, दुसऱ्या बाजूला युनियनची माणसं. पंखा नुसता आवाज करत होता. तुझं वाक्य मी वाटेत इतक्यांदा घोकलं, की शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

सुरुवात छान झाली. वकिलाने विचारलं, रजा कोण देतं? मी म्हटलं, साहेब. काम कोण वाटतं? म्हटलं, साहेब सांगतात तसं. रोखपाल काकांनी हळूच मान हलवली. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग वकिलाने मस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, ही खूण तुमचीच ना? म्हटलं, हो, पाहिल्याची खूण आहे. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, की म्हणजे या मुलीला जायची परवानगी तुम्ही दिली नव्हती, आणि साहेबांनी तर दिलीच नव्हती. मग ती रोज कुणालाही न विचारता जात होती, असंच ना? मेमोतही तेच लिहिलंय.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हो म्हटलं की मी आत आणि चिमणी घरी. नाही म्हटलं की ती वाचली आणि मी बाहेर. त्या मेल्याने दोन्हीकडून दोर आवळला होता. मी चिमणीकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती डोळ्यांनी विनवेल. ती खाली मान घालून बसली होती. माझ्याकडे बघायचंच नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणजे माझ्यावर ओझं नको म्हणून. धाकट्या, तिने विनवलं असतं ना, तर कदाचित मी तुझं ऐकलं असतं.

मी सांगितलं की परवानगी मीच दिली. रोज दिली. कुणाला विचारलं नाही, आणि उद्याही देईन.

साहेब गालात हसले. वकिलाने वही मिटली. पुढे त्याने सांगितलं की विभागप्रमुख स्वतः टायपिंग वगैरे करत नाहीत, साहेबांनी शपथेवर त्याला दुजोरा दिला. मी मध्येच म्हणाले की अर्धी पत्रं मीच टाइप करते, पण विचारल्याशिवाय बोलू नका म्हणून मला गप्प केलं.

बाहेर आल्यावर युनियनमधला एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, की बाईंना खुर्ची सोडवली नाही. रोखपाल काका माझ्याकडे न बघता पुढे निघून गेले, तेच जास्त लागलं. हे घरी भिंत धरून उभे होते. सगळं ऐकलं आणि जेवलीस का, चहा घेतेस का, असलं काहीबाही विचारत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. भीती वाटतेय रे. खूप वाटतेय. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण पत्र पाठव.

तुझी,
ताई

*

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर कमीत कमी हलका तरी निवडायचा! तुला एवढं समजावून सांगितलं, तू घोकलंस आणि ऐन वेळी पोरीची खाली घातलेली मान बघून विरघळलीस. त्या पोरीसाठी वकील आहे, युनियन आहे. तुझ्यामागे कोण आहे? कंबर धरून बसलेला नवरा आणि दोनशे मैलांवर लेथ फिरवणारा भाऊ.

मला राग आलाय आणि तो लपवणार नाही. या पत्राला उत्तर पाठवायची घाई करू नकोस, मलाही जरा थंड होऊ दे. कळावे.

धाकटा

वन्संना नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायच्या आधी मी, तुमची भावजय, दोन ओळी लिहितेय. यांचा राग खरा नाही, तुमचं पत्र आल्यापासून जेवण नीट नाही. कारखान्यात कुणाशी तरी भांडूनही आले. काही लागलं तर मला लिहा, यांना मधे घालू नका.

*

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. थंड झाला असशील असं धरून लिहिते. झाला नसशील तर तुझ्या बायकोने हे वाचून दाखवावं.

निकाल लागला. मी अधिकारी. कामगार अधिकाऱ्याने लिहिलंय की या बाई लवकर जायची परवानगी स्वतःच देतात, आणि लिपिकाचं काम स्वतः करत नाहीत, इतरांकडून करवून घेतात. माझ्याबरोबर बाकीचे विभागप्रमुखही बाहेर. चिमणीचा मेमो मात्र कंपनीला गुपचूप मागे घ्यावा लागला. मला परवानगी देणारी ठरवल्यावर तिला विनापरवानगी कसं म्हणणार?

त्यानंतरचे दिवस काढले कसे ते माझं मला माहीत. युनियनची माणसं माझ्यापाशी कामापुरतं बोलायची. चिमणी एकदा टेबलाशी आली, डोळे भरले. मी मुद्दाम खेकसले, की पत्रं कधी होणार. नाहीतर आम्ही दोघी तिथेच रडत बसलो असतो.

मग बोलणी फिसकटली आणि आज संप झाला. सकाळी फाटकाशी सगळे उभे. मी लांबून पाहिलं आणि कोपऱ्यावरच थांबले. आत गेले तर त्यांच्यातून उठले, न जावं तर विनाकारण गैरहजर म्हणून दुपारच्या आत नोकरी जाणार. मला तर संप करायचाही हक्क नाही. कुणी अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. वाट दिली. मी खाली बघत आत गेले.

आत सगळ्या खुर्च्या रिकाम्या. साहेबांनी विभागप्रमुखांना बोलावून सांगितलं, की दाव्यांची पत्रं आजच गेली पाहिजेत, तेव्हा टायपिंगला बसा. चार पत्रं वेळेवर पडली की बाहेरच्यांची हवा निघेल. बाकीचे बसले. दोन बोटांनी टकटक सुरू झाली. मला चिमणीच्या मशीनवर बसायला सांगितलं.

धाकट्या, मी शूर नाही. मी म्हटलं, की साहेब, तुम्हीच शपथेवर सांगितलंत मी टायपिंग करत नाही, करवून घेते. निकालातही तसंच आलंय. करणारी माणसं फाटकाशी उभी आहेत. त्यांना आत बोलवा, संध्याकाळच्या आत सगळी पत्रं करवून घेते.

टकटक थांबली. साहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. त्यांनी मला चालतं व्हायला सांगितलं आणि पुन्हा या इमारतीत पाय ठेवायचा नाही म्हणाले. मी पिशवी उचलली आणि निघाले. इतकी वर्षं तिथे काढली, पण मागे वळून बघायचं सुचलं नाही.

फाटकाबाहेर आले, तर कुठे उभं राहावं कळेना. ऑफिसातली राहिले नव्हते, युनियनची तर नव्हतेच. काय झालं ते चिमणीने विचारलं, मी सांगितलं. बातमी सगळीकडे पसरली. खुर्ची सोडवली नाही म्हणणारा तो माणूस पुढे आला, काहीतरी पुटपुटला आणि माझी पिशवी स्वतःच्या हातात घेऊन उभा राहिला.

दुपारी बाकीचे विभागप्रमुखही एकेक करून बाहेर आले. त्यांनाही निकालातलं वाक्य आठवलं म्हणे! संध्याकाळी कंपनीचा निरोप आला की उद्या बोलणी करू. रोखपाल काकांनी तिथेच सगळ्यांना सांगितलं, की पहिली मागणी बाईंना परत घेण्याची. ती मान्य झाली तरच दुसऱ्या मागणीवर बोलायचं.

मी कळवळून म्हटलं, असं करू नका. माझ्या एकटीपायी तुमचा सगळ्यांचा करार अडेल, पगारवाढ अडेल. मला तुमच्यातून बाहेर काढलंय, मी तुमची कोणी लागत नाही. माझी मागणी मागे घ्या.

रोखपाल काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की बाई, हा युनियनचा अंतर्गत प्रश्न आहे. तुम्ही सभासद नाही, तेव्हा यात बोलायचा तुम्हाला अधिकार नाही. तुम्ही गप्प बसायचं.

मी गप्प बसले. उद्या काय होतं ते बघायचं. भाऊ म्हणून रागाव, पण लोभ मात्र संपावर नेऊ नकोस.

तुझी,
ताई